छताचे भोक बुजवण्यापूर्वी

गेल्या श्रावणात एक काका उजवा हात गळ्यात अडकवून माझ्या दवाखान्यात आले. वय ७३. मनगटाचे हाड मोडले होते. प्लास्टर दुसरीकडे घालून झाले होते. माझ्याकडे ते रक्तदाब तपासायला आले होते. कसे पडलात, असे विचारले तेव्हा उत्तर सुनेने दिले. दिवाणखान्याच्या छतातून पाणी टपकत होते आणि भोक केवढे पडले आहे ते पाहायला बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले होते. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, चाळीस वर्षे घरातली सगळी दुरुस्ती मीच केली. आता खुर्चीवर चढायचीही चोरी झाली."

मनगटापेक्षा त्यांना हे अधिक दुखत होते. त्यांना उपदेश करण्याचा मला तसा अधिकारही नव्हता, कारण आदल्याच वर्षी माझ्या घरात छताला असेच भोक पडले होते, ते मी स्वतः बुजवले होते आणि पहिल्या खेपेस चुकीचे बुजवले होते. म्हणून या वेळी औषधांविषयी न लिहिता छताविषयी लिहितो. हे काम घरच्या घरी होऊ शकते, त्याला फार मोठे कसब लागत नाही. मात्र त्याचा एक क्रम आहे, आणि शिडीवर कोण चढणार हे आधी ठरवावे लागते.

प्रथम हे छत म्हणजे काय ते समजून घ्या. हल्लीच्या अनेक सदनिकांत सिमेंटच्या स्लॅबखाली काही इंच जागा सोडून दुसरे, हलके छत केलेले असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या चॅनलची चौकट आणि तिला स्क्रूने मारलेले जिप्समचे बोर्ड. बोर्ड बहुधा साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो. मधे जिप्सम आणि दोन्ही बाजूंना जाड कागद. अमेरिकेत घरांच्या भिंतीसुद्धा याच बोर्डाच्या असतात. तिकडे मुलांकडे राहून आलेल्यांनी ‘ड्रायवॉल’ हा शब्द ऐकला असेल. आपल्याकडे लोक या छताला सरसकट ‘पीओपी’ म्हणतात, पण जाळीवर पीओपी थापून केलेले जुने छत निराळे आणि बरेच जड असते. दोहोंचे मूळ मात्र एकच आहे. जिप्सम भाजले की प्लास्टर ऑफ पॅरिस होते. त्यात पाणी मिसळले की ते पुन्हा घट्ट होऊन जिप्सम होते. मोडलेल्या हाताला आम्ही जे प्लास्टर घालतो तेच हे. ते भिजवू नका असे आम्ही बजावतो, कारण भिजले की ते मऊ पडते. छताचेही तसेच आहे. सहा फूट बाय चार फुटांचा कोरडा बोर्ड अठरा ते वीस किलोंचा असतो. पाणी प्यायल्यावर तो जड होतो, कागद सुटतो, स्क्रूची पकड जाते आणि एखाद्या रात्री तुकडा खाली येतो. म्हणून फुगवटा आलेल्या छताखालची खाट त्याच दिवशी सरकवावी. उद्यावर टाकू नये.

त्यानंतरचे काम विजेचे. या पोकळीतूनच दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात आणि पाणी बहुधा दिव्याच्या भोकातूनच वाट काढते. दिवा ओला दिसला की त्याच्या बटणाला हात लावू नका. वीजफलक कोरड्या जागी असेल तर तेथून त्या खोलीचा पुरवठा बंद करा; कोणता खटका कोणत्या खोलीचा हे ठाऊक नसेल तर मुख्य खटका बंद करा. गळतीच्या दिवसांत तो खटका आपोआप खाली पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करण्याचा मोह आवरा. ते यंत्र तुम्हाला काही सांगत असते. इलेक्ट्रिशियनने पाहून जाईपर्यंत त्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर भागवावे.

आता शिडीविषयी. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या धंद्याचा भाग हाच आहे.

छताकडे पाहायचे म्हणजे मान मागे टाकून वर पाहायचे. या स्थितीत अनेक वयस्क माणसांना गरगरते. आतल्या कानात तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे असतात. ते जागचे हलले असतील तर मान मागे नेताच काही सेकंद घर फिरते. जमिनीवर असताना माणूस भिंत धरतो. शिडीवर धरायला काही नसते. त्यात औषधांची भर पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधे यांनी उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. रात्रीच्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. दूरचे व जवळचे एकाच काचेत असलेला चष्मा लावून खाली पाहिले की पायरीची कड नेमकी धूसर भागात येते, आणि शेवटची पायरी चुकते. पायांत मधुमेहाने बधिरता असेल तर पाऊल पायरीवर नीट टेकले की नाही हे कळतच नाही. खाली ओली फरशी, वर प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीचे पाय एका बाजूला वजन आले की फाकतात, हे माझ्या त्या काकांना आता सांगावे लागत नाही.

तेव्हा, वय पासष्टच्या पुढे असेल, किंवा वरच्यांपैकी एकही गोष्ट तुम्हाला लागू असेल, तर तुम्ही चढू नका. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर एका पायरीचीही सूट नाही. मी स्वतः सत्तावन्न वर्षांचा आहे आणि रक्तदाबाची गोळी घेतो. पहिल्या खेपेस मी चढलो, चौथ्या पायरीवर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मुकाट्याने उतरलो. पुढचे सारे वरचे काम पुतण्याने केले आणि मी शिडी धरली.

दुर्दैवाने कोणी पडलेच, तर त्याला बखोटीला धरून उभे करण्याची घाई करू नका. एक पाय आखूड दिसत असेल व पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे धरून चाला आणि रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वयस्कांत डोक्यातील रक्तस्राव कधी कधी सावकाश साचतो. दोन-तीन आठवड्यांनी झापड, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ किंवा चालण्यात बदल दिसतो आणि तोवर पडल्याची गोष्ट घरचे विसरलेले असतात. ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चढायचे नाही म्हणजे बाजूला बसायचे, असे मात्र नव्हे. गळतीचे मूळ शोधण्याचे काम घरातल्या वयस्क माणसाइतके चांगले कोणी करू शकत नाही, कारण दिवसभर घरात तेच असतात. आम्ही रोग्याचा इतिहास विचारतो तसा छताचा इतिहास लिहून काढा. पाणी पावसाच्या सरीनंतर वाढते का? मग गच्ची किंवा बाहेरची भिंत पाहायला हवी. ऊन असो वा पाऊस, सकाळी आंघोळीच्या वेळेनंतर टपकते का? मग वरच्या घराच्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले असावे. रात्रंदिवस सारख्याच वेगाने येते का? मग पाण्याचा नळ. एसी लावल्यावरच येते का? मग त्याच्या पाण्याची नळी तुंबली असेल, आणि हे सर्वांत स्वस्त निदान. कोठला ट्रॅप गळतो हे पक्के करायचे असेल तर प्लंबर वरच्या न्हाणीघरात रंगीत पाणी ओततो आणि खाली काय उतरते ते पाहतो.

दुसरे काम नोंद ठेवण्याचे. त्वचेखाली संसर्ग पसरत असेल तर आम्ही लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ काढून ठेवतो. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली की औषध लागू पडत नाही, हे कळते. छतावर रेघ काढायला कोणी चढायला नको. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी उभे राहून मोबाइलवर छायाचित्र घ्या. संस्थेच्या समितीपुढे किंवा वरच्या शेजाऱ्यांपुढे ही छायाचित्रे जे काम करतात ते आवाज चढवून होत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सदनिकेचे छत व त्याचा गिलावा खराब झाला तर दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. पाणी वरच्या घराच्या न्हाणीघराचे असेल तर प्रश्न दोन सभासदांमधला होतो, आणि तेथे गोडीगुलाबीला पर्याय नाही. माझ्या घरी हीच पायरी सर्वांत लांबली. वरच्या शेजाऱ्यांना फरशी उकरायला तयार व्हायला अडीच महिने लागले.

त्या अडीच महिन्यांत माझा धीर सुटला. भोक पडले होते आईच्या खोलीत. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तिला जुना दमा आहे, आणि त्या उघड्या काळ्या भोकाकडे पाहत झोपणे तिला नको वाटे. वरून टपकणे काही दिवस थांबले होते. मी समजलो, संपले. बोर्डाचा तुकडा आणला, बसवला, पुट्टी भरली, रंग दिला. छत छान दिसू लागले. सोळाव्या दिवशी पिवळे वर्तुळ पुन्हा उमटले; महिनाभरात त्याच्या कडेला काळे ठिपके आले आणि आईचा रात्रीचा खोकला वाढला. तिला दुसऱ्या खोलीत हलवले तसा तो आठवड्यात कमी झाला. खोकला केवळ बुरशीनेच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पावसाळ्यात दम्याला कारणे पुष्कळ असतात. पण आत पू असताना जखम वरून शिवू नये, हे मला महाविद्यालयात शिकवले होते, आणि घरात मी नेमके तेच केले होते.

म्हणून क्रम असा धरा. आधी पाणी थांबवायचे, मग वाळवायचे, मग बुजवायचे.

वाळवणे हे काम कंटाळवाणे असते. जिप्समचा कागद हे बुरशीचे अन्नच आहे, आणि ओल दोन दिवसांहून अधिक राहिली की ती धरू लागते. फुगवट्यात पाणी साचले असेल तर वीज बंद करून, धडधाकट माणसाने बाजूला उभे राहून, सर्वांत खोलगट जागी पेचकसाने छोटे छिद्र पाडावे व खाली बादली ठेवावी. नंतर भिजलेला भाग कापून काढून पोकळी उघडी ठेवावी. इलेक्ट्रिशियनने हिरवा कंदील दाखवल्यावर पंखा लावावा, खिडक्या उघडाव्यात. मात्र कोकणपट्टीत ऐन पावसाळ्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. अशा वेळी खिडकी बंद करून एसी कोरड्या हवेच्या ‘ड्राय’ पर्यायावर चालवला तर अधिक उपयोग होतो. बोर्ड काही दिवसांत वाळतो, वरचा स्लॅब मात्र आठवडे घेतो. तो वाळला का हे पाहायला जाड प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून स्लॅबला चिकटवावा. दिवसभराने आत पाण्याचे थेंब किंवा ओलसर डाग दिसला, तर अजून थांबायचे. माझ्याकडे दुसऱ्या खेपेस पाच आठवडे थांबावे लागले.

काळे ठिपके आलेला बोर्ड धुऊन वापरू नका. मुळे कागदाच्या आत गेलेली असतात. त्यावर थोडे पाणी शिंपडून, धूळ न उडवता, कडेच्या चांगल्या बोर्डासह कापून जाड पिशवीत बांधून टाका. कापणाऱ्याने एन-९५ मास्क, डोळ्यांना बंद चष्मा व हातमोजे घालावेत. या वेळी दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, स्टेरॉइड घेणारे आणि नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांनी त्या खोलीत, शक्य तर त्या घरातच, थांबू नये. आणखी एक. बुरशी मारण्यासाठी ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत ही चूक केलेल्या एका बाईंना श्वास लागलेल्या स्थितीत माझ्याकडे आणले होते.

सारे खडखडीत वाळल्यावरचे काम दोन-तीन दिवसांचे आहे. भोक वेडेवाकडे असते. आधी बॅटरीने आत पाहून तारा कोठे आहेत ते नक्की करावे आणि मग छोट्या करवतीने भोकाचा नेटका चौकोन करावा. बोट दाबून जेथपर्यंत बोर्ड मऊ लागतो तेथपर्यंत कापायचे, त्यात काटकसर नको. चौकोन फूटभराचा असेल तर त्याच्या दोन कडांवर, आतल्या बाजूने, चौकोनाहून आठेक इंच लांब अशा प्लायच्या दोन पट्ट्या आडव्या सारायच्या. हाताने खाली ओढून धरून जुन्या बोर्डातून स्क्रू मारले की त्या पक्क्या बसतात. नवा तुकडा त्याच जाडीचा, चौकोनाहून सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान कापावा आणि या पट्ट्यांना पंचवीस मिलिमीटरच्या ड्रायवॉल स्क्रूंनी मारावा. स्क्रूचे डोके कागदात किंचित बुडायला हवे, कागद फाटता कामा नये. कागद फाटला तर त्या स्क्रूत जोर उरत नाही. वर न्हाणीघर असेल तर हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा बोर्ड मागून घ्यावा. तो ओल सोसतो, गळती नव्हे.

मग सांधे. जॉइंटिंग कंपाउंडचा पातळ थर, त्यावर कागदी पट्टी दाबून बसवायची, खालची हवा पात्याने काढून टाकायची. ती वाळली की दुसरा थर थोडा रुंद, तो वाळला की तिसरा आणखी रुंद. घाईने एकच जाड थर दिला तर तो वाळताना तडकतो. दमट दिवसांत एका थराला पूर्ण दिवस द्यावा. शेवटी घासायला पॉलिश पेपरऐवजी ओला स्पंज वापरा. घर पांढऱ्या धुळीने भरत नाही आणि दम्याच्या माणसाला ते सोसते. आजूबाजूला जुना पिवळा डाग उरला असेल तर त्यावर आधी डाग रोखणारा तेली प्रायमर द्यावा. साधा पाण्यातला रंग कितीही हात दिले तरी तो डाग खालून वर येतोच. तेली प्रायमरला वास असतो, त्यामुळे आईला मी दोन रात्री बहिणीकडे पाठवले.

काही भोके मात्र घरी बुजवायची नसतात. बोर्ड काढल्यावर स्लॅबचा गिलावा सुटलेला, आतल्या सळया गंजून उघड्या पडलेल्या दिसल्या, तर त्यावर पुन्हा बोर्ड लावून ते झाकू नका. छायाचित्र काढा, संस्थेला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावी, असे उपविधी सांगतात. ती कधी झाली हे विचारायला हीच वेळ योग्य. जुन्या घरात सिमेंटचे राखाडी ॲस्बेस्टॉस पत्रे छताला असतील तर ते कापू, घासू नका; त्याची धूळ फुप्फुसाला बाधते. दोन-तीन फुटांहून मोठे भोक, किंवा मधेच खाली लोंबलेले चॅनल, हेही कारागिराचे काम.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. "बाबा, तुम्हाला आता जमणार नाही" या वाक्याने माणूस खुर्चीवर चढतो, उतरत नाही. माझ्या त्या काकांना मी नंतर सांगितले की प्लंबर येईल तेव्हा खुर्ची टाकून खाली बसा आणि बॅटरी तुमच्या डाव्या हातात राहू द्या. आंघोळीच्या वेळांची नोंद त्यांनीच ठेवली. वरच्या घराच्या ट्रॅपचे निदान त्यांचेच, आणि ते बरोबर निघाले. प्लास्टर काढल्यावर ते तो कागद मला दाखवायला घेऊन आले. डाव्या हाताने लिहिलेला होता, अक्षर लहान मुलाचे असावे तसे.

आमच्या छताला आता एक पावसाळा उलटून गेला आहे. वर्तुळ पुन्हा उमटलेले नाही. आई अजून रोज सकाळी चष्मा लावून त्या जागेकडे पाहते आणि नव्या तुकड्याचा पांढरा बाकीच्या पांढऱ्याशी जुळलेला नाही, असे मला सांगते. तिचे म्हणणे खरे आहे.